आवळ्या-भोपळ्याची मोट: पाकट आणि सील यांची तुलना कशी मांडावी

मी प्राण्यांची रेखाटनं करते. मुलांच्या अंकांसाठी, भिंतीवरच्या तक्त्यांसाठी, कधी एखाद्या प्रदर्शनाच्या फलकासाठी. या धंद्यात 'दोन प्राण्यांची तुलना' हे काम फिरून फिरून येतं. वाघ-बिबट्या, मगर-सुसर असल्या जोड्या आता डोळे मिटून होतात. पण एकदा फोन आला, "एक पाकट, एक सील, एका पानावर." मी हो म्हणून बसले आणि मग डोक्याला हात लावला. त्या पानावर मी तीनदा काम केलं. तिसऱ्या खेपेला जे जमलं ते इथे सांगते. असली विजोड जोडी तुमच्या वाट्याला आली तर उपयोगी पडेल.

पहिल्या खेपेला मी सगळे करतात तेच केलं, कोष्टक आखलं. डावीकडे मुद्दे, मग दोन रकाने. हाडं: पाकटाला नाहीत, सगळा सांगाडा कूर्चेचा, सीलला आहेत. केस: नाहीत, आहेत. कल्ले: आहेत, नाहीत. रक्त: थंड, उष्ण. असं करत बावीस ओळी झाल्या. संध्याकाळी चहा घेताना वाचून पाहिलं तर लक्षात आलं, 'एक मासा आहे, दुसरा सस्तन प्राणी' हे एकच वाक्य आपण बावीस वेळा लिहिलंय. तेव्हापासून माझा नियम ठरला: ज्या ओळीत पाकटाऐवजी बोंबील आणि सीलऐवजी गाय लिहिली तरी ओळ खरीच राहते, ती ओळ खोडायची. बावीसपैकी सोळा ओळी अशा गेल्या. मासा आणि सस्तन हा फरक एकदाच, वरच्या बाजूला, ठळक अक्षरात लिहून टाकायचा. तो लिहावा मात्र लागतोच, कारण आपल्याकडे 'सील मासा' म्हणायची सवय आहे आणि देवमाशाने ती आणखी घट्ट करून ठेवली आहे.

आधी जाती ठरवा

'पाकट' हा एक प्राणी नाही. जगात पाकटांच्या दोनशेच्या आसपास प्रजाती आहेत. काही जेवणाच्या ताटाएवढ्या, तर आखूड शेपटीच्या समुद्री पाकटाची रुंदी दोन मीटरच्या पुढे जाते. सीलचंही तेच. समुद्रसिंहांना बाजूला काढलं (त्यांना बाहेरून दिसणारे छोटे कान असतात आणि मागचे पाय पुढे वळवून ते जमिनीवर चालू शकतात) तरी खऱ्या सीलच्या दीड डझन प्रजाती उरतात. त्यात दक्षिणेकडच्या हत्ती-सीलचा नर तीन-चार टनांचा, आणि काही प्रजाती एखाद्या धडधाकट माणसाच्या वजनाच्या. त्यामुळे 'पाकट मोठा की सील?' असं कुणी विचारलं तर उत्तर देऊ नका, 'कुठला?' म्हणून उलट विचारा.

जाती निवडताना प्रसिद्धी बघू नका, दोघांना एकत्र आणणारा एखादा धागा बघा. मी खूप शोधल्यावर ही जोडी काढली: दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला मोटोरो पाकट, म्हणजे पोटॅमोट्रायगॉन मोटोरो, आणि सायबेरियातल्या बैकल सरोवरातला सील, म्हणजे प्यूसा सिबिरिका, ज्याला तिकडे नेर्पा म्हणतात. एक अ‍ॅमेझॉन, ओरिनोको, पाराना यांच्या कोमट पाण्यात. दुसरा वर्षातले चारपाच महिने गोठणाऱ्या, 1642 मीटर खोल सरोवरात. दोघांची भेट होणं या जन्मी शक्य नाही. पण दोघांचेही पूर्वज समुद्रातले आणि दोघंही आता गोड्या पाण्यातच जन्मतात, जगतात, मरतात. समुद्राचं घर सुटलं, मग दोघांनी काय काय केलं? हा प्रश्न सापडला आणि पान आपोआप रांगेला लागलं.

इथे शब्द जपून वापरा. 'गोड्या पाण्यातला जगातला एकमेव सील' असं वाक्य नेर्पाबद्दल जिथे तिथे दिसेल. ते जसंच्या तसं उचलू नका. फिनलंडच्या साइमा सरोवरात आणि रशियाच्या लाडोगा सरोवरातही सील आहेत, पण ते रिंग्ड सील या समुद्री प्रजातीच्या उपजाती आहेत. अख्खी प्रजातच गोड्या पाण्यात राहते असा सील मात्र नेर्पा एकटाच. मोटोरोबद्दल तर 'एकमेव' हा शब्द काढूच नका. दक्षिण अमेरिकेत त्याची मोठी भावकी आहे आणि आशियातल्या नद्यांमध्येही पाकट आहेत.

नावं शोधतानाही एक अडचण येते. नेर्पाचं वर्णन 1788 सालचं, मोटोरोचं 1841 सालचं. इतक्या वर्षांत वर्गीकरण हललेलं असतं. जुन्या पुस्तकांत नेर्पा 'फोका सिबिरिका' म्हणून सापडतो. दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर निम्मी माहिती हातची जाते.

माप घेताना मी कुठे पडले

दुसऱ्या खेपेची चूक लाजिरवाणी आहे. दोन्ही प्राणी एकाच प्रमाणात काढायचे म्हणून मी दोघांची 'लांबी' घेतली. सीलची नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, आणि पाकटाचीही तशीच. पान छापलं गेलं. चित्रात पाकट जवळजवळ सीलएवढा दिसत होता. महिन्याभराने एका वाचकाचं पत्र आलं. शाळकरी अक्षर, एकच ओळ: "ताई, पाकटाची शेपटी का मोजली?"

बरोबर होतं त्याचं. पाकट मोजायची रीत म्हणजे चकतीची रुंदी, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत. शेपटी भरवशाची नसते. अनेकदा तुटलेली असते, कुणीतरी चावलेली असते. शेपटी धरली की आकडा कसा फुगतो ते बघायचं असेल तर कंबोडियात मेकाँग नदीत 2022 साली सापडलेला पाकट आठवा. वजन 300 किलो, गोड्या पाण्यात नोंदलेला सर्वांत वजनदार मासा. त्याची शेपटीसकट लांबी 3.98 मीटर आणि चकतीची रुंदी 2.2 मीटर. प्राणी तोच, पण आकडे वाचून डोळ्यांसमोर दोन वेगळी जनावरं येतात.

म्हणून आता मी आधी पुठ्ठा कापते. एकास दहा प्रमाण धरायचं. नेर्पाची लांबी साधारण 1.1 ते 1.4 मीटर, म्हणून 13 सेंटीमीटरची लांबट पट्टी, दोन्हीकडे निमुळती. मोटोरोची चकती अर्ध्या मीटरच्या आसपास, म्हणून 5 सेंटीमीटरची जवळपास गोल चकती, वर शेपटीसाठी दोऱ्याचा तुकडा. दोन्ही पुठ्ठे टेबलावर ठेवले की कळतं, हा पाकट त्या सीलच्या पोटाखाली झाकला जाईल. पत्र आलं त्या चित्रात ते कुठेच दिसत नव्हतं. वजनाचं सांगायचं तर नेर्पा 50 किलोपासून 130 किलोपर्यंत, मोसमाप्रमाणे आणि चरबीप्रमाणे बदलत जाणारा. पाकट त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

मिठाचा प्रश्न आधी घ्या

एका प्रश्नाभोवती पान बांधायचं म्हटल्यावर सुरुवात अवघड भागापासून करा. इथे तो भाग म्हणजे मीठ. मला स्वतःला हा समजायला दोन दिवस लागले, म्हणून जरा सावकाश सांगते.

समुद्रातले पाकट आणि शार्क आपल्या रक्तात युरिया साठवतात. आपण जो लघवीतून टाकून देतो तोच. त्यामुळे त्यांचं रक्त समुद्राच्या पाण्याइतकं 'दाट' राहतं आणि खारं पाणी त्यांच्या अंगातलं पाणी ओढून घेत नाही. आता असा प्राणी नदीत सोडला तर उलटं होईल. बाहेर पातळ पाणी, आत दाट रक्त, आणि कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून पाणी आत घुसत राहणार. मोटोरोच्या कुळाने यावर उपाय केला तो मुळावरच घाव घालणारा: युरिया साठवणंच सोडून दिलं. 1967 साली थॉर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पाकटांच्या रक्तात युरिया जवळजवळ नसल्याचं दाखवलं. पुढे हेही दिसलं की त्यांना खारट पाण्यात ठेवलं तरी ते पुन्हा युरिया साठवू शकत नाहीत. जादा मीठ बाहेर टाकणारी आतड्याच्या शेवटची ग्रंथीही त्यांच्यात आक्रसून गेली आहे. परतीचा दोरच कापलेला.

आणि नेर्पा? त्याला यातलं फारसं काही करावंच लागलं नाही. सील श्वास हवेतून घेतो; त्याचं रक्त आणि बाहेरचं पाणी यांच्यात कल्ल्यासारखा पातळ पडदा कुठेच नाही. कातडी जाड, खाली चरबी, पाण्याची गरज बरीचशी खाण्यातून भागते, मिठाचा हिशोब मूत्रपिंडं बघतात. बाहेर समुद्र आहे की सरोवर, याने त्याच्या रक्ताला फार फरक पडत नाही.

म्हणून कोष्टकात 'रक्तातला युरिया: नगण्य' एवढंच लिहून भागत नाही. तुलनेचं वाक्य असं हवं: पाकटाला गोड्या पाण्यात राहण्यासाठी रक्त बदलावं लागलं, सीलला नाही, कारण पाकट पाण्याने श्वास घेतो आणि सील हवेने. या 'कारण'पाशी मी चित्रात बाण काढते. ज्या ओळीत 'कारण' लिहिता येत नाही ती ओळ मी हल्ली घेतच नाही.

दोन झाकणं

श्वासाचं चित्र मला सगळ्यांत आवडतं, म्हणून त्याला जागाही जास्त देते. तुम्हीही एखाद्या मत्स्यालयात पाकटासमोर पंधरा मिनिटं बसून बघा. वाळूत रुतलेला असतो, नुसते डोळे वर. प्रत्येक डोळ्याच्या मागे एक भोक असतं, श्वासरंध्र. पहिल्यांदा पाहताना मला तोच डोळा वाटला होता. ते उघडतं, पाणी आत जातं, आतून एक पापुद्रा येऊन बंद होतं, आणि पाणी पोटाकडच्या कल्ल्यांच्या पाच जोड्या फटींतून बाहेर पडतं. तोंड खाली चिखलात असल्यामुळे पाणी वरून घ्यायची ही सोय. त्या उघडझापीला एक ठेका असतो. मी पेन्सिलीने वहीवर तो धरत बसले होते आणि चित्र काढायचं राहूनच गेलं.

सीलच्या नाकपुड्यांची तऱ्हा वेगळी. त्या स्वस्थ असताना बंद असतात. उघडायला स्नायूंना जोर लावावा लागतो. म्हणून पाण्याखालच्या सीलचं चित्र काढताना नाकाच्या जागी दोन बारीक तिरप्या रेघा काढायच्या, भोकं नव्हेत. विकतच्या तक्त्यांवर ही चूक सर्रास असते.

नेर्पाची खरी अडचण पाण्यातली नसून छपराची आहे. हिवाळ्यात सरोवरावर बर्फाचं झाकण बसतं आणि त्याला वर येऊन श्वास तर घ्यायचाच असतो. मग तो पुढच्या पायांच्या दणकट नखांनी बर्फात भोकं कोरतो आणि हिवाळाभर ती बुजू देत नाही. रोजच्या बुड्या दहाएक मिनिटांच्या, पण वेळ पडली तर चाळीस मिनिटांहून जास्तही तो खाली राहू शकतो. त्यासाठीचा प्राणवायू तो फुप्फुसांत भरून नेत नाही, रक्तात आणि स्नायूंत साठवून नेतो. पुढचा पाय काढाल तेव्हा नखं नीट काढा. पोहण्याचं मुख्य काम मागचे पाय डावी-उजवीकडे मारून होतं. मोटोरो पोहतो तो चकतीच्या कडेला लाटा उठवत, वाऱ्यावर पदराची किनार हलावी तसा.

दात

माझ्या तिसऱ्या पानावर सगळ्यांत मोठी जागा दातांना गेली, आणि ती मागणाऱ्यांना खटकलीही. पण या जोडीत खरं नवल इथेच आहे.

मोटोरो इतर खाण्याबरोबर नदीतले किडेही खातो. किड्यांचं कवच चिवट असतं. मासे सहसा खाणं गिळतात किंवा फोडतात, चावत बसत नाहीत. पण 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोटोरोचं खाणं वेगवान कॅमेऱ्याने टिपलं, तेव्हा दिसलं की तो जबडा आजूबाजूला सरकवत खाणं चक्क चघळतो. आपण ज्याला सस्तन प्राण्यांची मिरास समजतो तेच. आधी चकतीची पुढची कड उचलायची, भक्ष्य अंगाखाली ओढायचं, आणि मग चघळायचं.

आता नेर्पा. त्याचं नेहमीचं भक्ष्य म्हणून गोलोम्यांका या तेलकट, अर्धपारदर्शक माशाचं नाव येतं आणि ते बरोबर आहे. पण 2020 साली सीलच्या अंगावर छोटे कॅमेरे आणि हालचाल मोजणारी यंत्रं लावून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की तो अँफिपॉड नावाचे, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले इवलेसे जीवही टिपतो, एकेक करून, एका बुडीत सरासरी 57. दिवसाला हजारोंच्या घरात. त्याच्या मागच्या दातांना फणीसारखी टोकं आहेत. तोंडातलं पाणी त्यांच्या फटींतून बाहेर जातं, भक्ष्य आत राहतं.

म्हणजे सस्तन प्राणी चघळायचं सोडून गाळतोय आणि मासा गिळायचं सोडून चघळतोय. 'मासा आणि सस्तन' ही वर ठळक लिहिलेली ओळ इथे डळमळते. वाचक पानावर थांबतो तो इथे, म्हणून हे कोष्टकाच्या सतराव्या ओळीत पुरू नका. नेर्पाचा एक दात मी दहापट मोठा काढला: मध्ये उंच टोक, दोन्ही बाजूंना उतरत जाणारी छोटी टोकं. खाली बारीक अक्षरात 'खऱ्याच्या दहापट' लिहायला विसरू नका, नाहीतर पुन्हा पत्र येईल.

अंधारात भक्ष्य सापडतं कसं, हे दोन ओळींत आटपा. सीलच्या मिशांना पाण्यातली बारीक हालचाल कळते. पाकटाला भक्ष्याच्या शरीरातली वीज कळते, लोरेन्झिनीच्या कुप्या नावाच्या इंद्रियांनी. पण गोड्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, त्यामुळे नदीतल्या पाकटांत या कुप्या अगदी छोट्या झाल्या आहेत.

'दोघंही पिल्लं घालतात' म्हणून सोडू नका

हे साम्य म्हणून लिहायचा मोह होतो. खरंही आहे, दोघंही अंडी घालत नाहीत. पण साम्य लिहिलं की त्याच्या खाली खणायचं. मोटोरोच्या मादीच्या गर्भाशयाला आतून दोऱ्यांसारखे तंतू असतात; त्यांतून पाझरणारा पौष्टिक रस पिल्लांना मिळतो. अभ्यासक त्याला गर्भाशयातलं दूधच म्हणतात. एका वेळी अनेक पिल्लं, आणि बाहेर येतात ती आईची छोटी प्रत बनून, काट्यासकट. त्यानंतर आई कुठे, पिल्लू कुठे. नेर्पाची मादी सहसा एकच पिल्लू देते, बर्फाखालच्या बिळात, हिवाळ्याच्या शेवटाकडे. साधारण चार किलोचं, पांढऱ्या लोकरीचं, आणि पुढे दोन-तीन महिने दूध पिणारं. शिवाय गर्भ राहिल्यावर तो काही काळ न वाढता नुसता थांबून राहतो, म्हणजे जन्माची वेळ बर्फाच्या मोसमाशी जुळते. दूध दोघीही पाजतात म्हणा, एक जन्माआधी आणि एक जन्मानंतर. चित्रात मी दोन्ही पिल्लं शेजारी काढली, आया नाही काढल्या.

वयाबद्दल एकच ओळ: नेर्पा पन्नाशी ओलांडू शकतो आणि ते कळतं दातांतले थर मोजून, पाकटाचं वय मणक्यांतल्या कड्यांवरून काढतात. झाडासारखं. मुलांना हे फार आवडतं.

आणि झुंज? 'कोण जिंकेल?' हा प्रश्न येणारच. मी तो रकाना ठेवत नाही. काट्याची माहिती द्या, ती गरजेची आहे: शेपटीवरचा दातेरी काटा, त्यावर पातळ कातडीखाली विषारी ऊती, एक झडला की नवा येतो. तो हल्ल्यासाठी नाही, पाय पडला तर बचावासाठी आहे. म्हणून उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घसटत चालायचं, आणि लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात जखम बुडवून ताबडतोब डॉक्टरकडे जायचं. नेर्पाच्या बाजूला याच्या समोर लिहायला काही सापडत नाही, तर ती जागा मोकळी ठेवा. दोन्ही रकाने भरलेच पाहिजेत या हट्टापायीच खोट्या गोष्टी लिहिल्या जातात.

रंग शेवटी भरा, आणि भरताना संदर्भचित्र पुन्हा एकदा बघा. मी नेर्पाच्या पाठीवर कड्या काढून बसले होते, कारण डोक्यात त्याचा चुलतभाऊ, रिंग्ड सील होता. त्याच्या अंगावर फिकट कड्या असतात. नेर्पाची पाठ मात्र साधी असते, पोलादी करडी, पोटाकडे फिकी होत गेलेली, त्यावर ठिपका नाही. कड्या हव्यात त्या पाकटावर: तपकिरी पाठ, त्यावर पिवळसर-नारिंगी ठिपके, आणि प्रत्येकाभोवती काळी कड. आधी नारिंगी सुकू द्यायचा, मग काळी कड शून्य नंबरच्या ब्रशने, चकतीच्या मधून कडेकडे जात. कडेला ठिपके छोटे होत जातात.